उसाचे जोड-ट्रेलर, त्यांचा भार व उताराचा हिशोब

ऊस तोडून कारखान्याच्या काट्यावर पोचता करणे हे काम आपल्यापैकी बहुतेक सभासद बंधूंस दरसाल करावे लागते. लागण, खते, पाणी, खोडवा या विषयांवर पुष्कळ लिहिले जाते व ते योग्यच आहे. परंतु पीक जमिनीत उभे आहे तोवरच शेतीचे शास्त्र लागू, आणि ऊस एकदा ट्रेलरवर चढला की पुढचे सारे ड्रायव्हरच्या हाती व दैवाच्या भरवशावर, असा जो एक समज आपल्यांत रूढ आहे तो आम्हांस मान्य नाही. वीस टन ऊस रस्त्याने चालविणे हेही शास्त्रच आहे, आणि त्यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार यांपलीकडे काही लागत नाही. हा हिशोब आम्ही उशिरा शिकलो. ज्या प्रसंगाने शिकलो तो सांगितल्यावाचून नुसत्या आकड्यांकडे कोणी लक्ष देणार नाही, म्हणून प्रथम ती हकीकत देतो. तीत दोष सर्वस्वी आमचा आहे, हे आरंभीच नमूद करून ठेवतो.

आमची जमीन फलटण तालुक्यात नीरा उजव्या कालव्याच्या भिजेत आहे. महसूल खात्यातील कारकुनी संपल्यावर आम्ही घरची शेती पाहू लागलो, तेव्हा घरात एक पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर व चार-चार चाकांचे दोन ट्रेलर होते. आमच्या वाटेत एक लहानशी खिंड आहे. आमच्या बाजूचा चढ इतका सौम्य की चढत आहोत हे इंजिनाच्या आवाजावरून कळावे. पलीकडची बाजू मात्र चांगली उतरती. कारखान्याकडून परत येताना तीच बाजू चढावी लागते, पण त्या वेळी ट्रेलर रिकामे असल्याने तिचे काही वाटत नसे. रोज हजारो रुपयांचा माल त्या उतारावरून खाली जात होता आणि त्या उताराचे माप घेण्याचे आमच्या मनात कधी आले नव्हते. ज्याने उभ्या नोकरीत दुसऱ्यांच्या बांधांची मापे कागदावर उतरविली त्याची ही गत!

दोन हंगामांमागे जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्या फडाला तोड आली. दोन दिवस तोड चालली आणि तिसऱ्या दिवशी आमचा चालक तापाने अंथरुणाला खिळला. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की दिवसागणिक सुकतो, वजन घटते, उतारा घटतो; हे प्रत्येक बागाईतदारास ठाऊक आहे. चालकीचा परवाना आमच्यापाशी होता, आणि एक ट्रेलर घेऊन आम्ही काट्यापर्यंत अनेक वेळा गेलोही होतो. म्हणून आम्हीच चाकावर बसण्याचे ठरविले. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावले असते. परंतु एक खेप वाचावी म्हणून आम्ही टोळीच्या मुकादमास सांगितले की दोन्ही ट्रेलरांवर आणखी दोन-दोन थर चढवा. मुकादम वयस्क माणूस. तो म्हणाला, "भाऊसाहेब, रोजचा ड्रायव्हर असता तर चढवले असते. तुमचा हात नवा आहे." त्यावर आम्ही जे उत्तर दिले ते येथे लिहिण्यासारखे नाही. थर चढले.

पहाटे चार वाजता निघालो. थंडी फार होती व रस्त्यावर दव पडले होते. चढ बिनबोभाट पार पडला. खिंडीच्या माथ्यावर गिअर खाली घ्यावयाचा असतो, तो आम्ही घेतला नाही. हाय तिसऱ्यातच उतरू लागलो. पन्नासएक पावले गेलो असू, तोच इंजिनाचा आवाज बदलला. आजवर आम्ही ट्रेलर ओढत होतो. आता ट्रेलर आम्हांस ढकलू लागले. ज्याने हा धक्का पाठीमागून कधी अनुभविला नाही त्यास तो शब्दांनी समजाविणे कठीण आहे. बैलगाडी उतारावर बैलांच्या अंगावर येते, तेव्हा बैल पाय रोवून मान मागे टाकतात. ट्रॅक्टरला तशी मान नाही. आम्ही घाबरून क्लच व ब्रेक दोन्ही एकदम दाबले. ही सवय मोटरसायकलवरून लागलेली. क्लच दाबताच इंजिनाचा जो काही रोध होता तो सुटला, आणि ब्रेकने मागची दोन चाके जागच्या जागी थांबली. चाके थांबली, ट्रॅक्टर थांबला नाही. आधीच्या गाड्यांतून गळलेले वाढे व उसाची टिपरे रस्त्यावर चेंगरून त्यांचा रस दवात मिसळला होता. त्यावरून ती दोन चाके साबणावरून घसरावी तशी घसरू लागली, आणि पाठीमागच्या ढकलीने ट्रॅक्टरची शेपटी डावीकडे फिरू लागली.

त्याच वेळी खाली शंभर-सव्वाशे पावलांवर एक बैलगाडी दिसली. बीडकडचे तोडणीचे जोडपे होते. उसाच्या भाऱ्यावर पांघरूण घेऊन बाई बसलेली, तिच्या मांडीवर मूल, आणि गडी बैलांच्या शेजारून कासरा धरून चालत होता. गाडीच्या मागे लावलेल्या जुन्या सीडीच्या तबकडीवर आमचा दिवा चमकला, म्हणून ती दिसली. ती चकती नसती तर गाडी आम्हांस दिसली असती की नाही, हे आम्ही आजही सांगू शकत नाही.

ब्रेक सोडावा अशी बुद्धी आम्हांस कोठून झाली हे परमेश्वर जाणे. बहुधा भीतीने पायच उचलला गेला असावा. चाके फिरू लागताच ट्रॅक्टर सरळ झाला, पण वेग वाढला. भोंगा दाबून धरला. त्या गड्याने मागे पाहिले व बैल डाव्या अंगास ओढले. गाडीचे डावे चाक चारीत गेले आणि गाडी कलली. उजव्या हाताला रस्त्याच्या दुरुस्तीकरिता मुरमाचा मोठा ढीग टाकलेला होता. आम्ही ट्रॅक्टर त्यात घातला. पुढची चाके ढिगावर चढली, मागची रुतली, पहिला ट्रेलर तिरपा होऊन थांबला, आणि दुसरा ट्रेलर त्याच्याभोवती फिरून रस्त्यावर आडवा पालथा झाला. त्याचा ऊस त्या गाडीच्या चाकापर्यंत येऊन पडला.

माणसांपैकी कोणास इजा झाली नाही. बाईने मुलासह उडी टाकली होती. ती मूल पोटाशी धरून रस्त्याच्या कडेला बसून राहिली व पुष्कळ वेळ बोललीच नाही. डाव्या बाजूचा बैल मात्र चारीत जुवाखाली सापडून मागच्या पायातून गेला. त्या गड्याने आम्हांस शिवी दिली नाही. बैलाच्या पायावरून हात फिरवीत तो एवढेच म्हणाला, "भाऊ, उचल फिटायची हाय अजून." तोडणीवाल्यांची उचल म्हणजे काय हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस या वाक्याचा अर्थ सांगावयास नको. बैलाची किंमत आम्ही उसाच्या बिलातून दिली व दुसरा बैल मिळेपर्यंत आमचा एक बैल त्यास वापरावयास दिला. पण त्याच्या तीन आठवड्यांच्या खेपा बुडाल्या त्या बुडाल्याच. सांडलेला ऊस गोळा करून दोन खेपांत काट्यावर नेला तेव्हा तो एकूण २० टन ३०० किलो भरला. रोजची आमची भरती सोळा-सतरा टनांची असे.

आता हिशोब. हा आम्ही त्यानंतरच्या आठवड्यात बसून मांडला, व तो मांडताना आमच्या अंगावर पुन्हा काटा आला.

प्रथम एकूण वजन घ्यावे. ट्रॅक्टर, त्याच्या चाकांतील पाणी व लोखंडी वजने धरून, २८०० किलो. दोन रिकामे ट्रेलर प्रत्येकी २००० प्रमाणे ४००० किलो. ऊस २०,००० किलो. एकूण सुमारे २७,००० किलो, म्हणजे २७ टन.

दुसरे, उतार. उतार मोजावयास यंत्र लागत नाही. गवंडी ज्या पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी पाहतो ती नळी, एक दोरी व एक टेप एवढ्याने काम होते. रस्त्याच्या कडेने ३० फूट अंतर मोजावे. नळीने दोन्ही टोकांची पातळी काढावी व खालच्या टोकास पातळी जमिनीपासून किती उंच येते ते पाहावे. २ फूट आली तर ३० फुटांस २, म्हणजे १५ फुटांस १ असा उतार झाला. आमच्या खिंडीचा उतार नेमका एवढाच निघाला. आमच्या बाजूचा चढ ४० फुटांस १ होता.

तिसरे, उताराची ढकल. हा भाग फार सोपा आहे. एकूण वजनास उताराच्या आकड्याने भागावे, म्हणजे ढकल किलोत येते. २७,००० ला १५ ने भागले की १८०० किलो. चाके व रस्ता यांच्या घासण्याने स्वाभाविक रोध होतो, तो डांबरी रस्त्यावर वजनाच्या शेकडा दोन धरावा. २७,००० चे ५४० किलो. ते वजा जाता १२६० किलो ढकल शिल्लक राहते. ही ढकल आवरावयाची कोणी? ट्रेलरांस ब्रेक नाहीत. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांस बहुधा ब्रेक नसतात. राहिली मागची दोन चाके.

चौथे, त्या दोन चाकांची पकड. २८०० पैकी मागच्या चाकांवर सुमारे १९०० ते २००० किलो भार येतो; आपण २००० धरू. कोरड्या डांबरावर रबराची पकड भाराच्या सुमारे सहा दशांश धरतात. म्हणजे १२०० किलो. ढकल १२६०, पकड १२००. याचा अर्थ असा की कोरडा रस्ता, नवे टायर, चोख ब्रेक व कसलेला चालक हे सर्व असूनही २७ टनांचा तो गाडा त्या उतारावर थांबविता येणे शक्य नव्हते. रस्ता ओला झाला की पकड निम्मी होते, म्हणजे ६०० किलो. मग तर बोलणेच खुंटले. आम्ही पहाटे जे काही केले ते चुकले खरे, परंतु काहीही बरोबर केले असते तरी माथ्यावरून खाली सुटल्यानंतर तो गाडा आमच्या हातात राहिला नसता. चूक फडात झाली होती. उतारावर ती केवळ उघडी पडली.

येथे एक शंका येईल व ती आम्हांसही आली होती. खालच्या गिअरात उतरले तर इंजिन धरून ठेवते ना? धरून ठेवते, आणि म्हणूनच ज्या गिअरात तो चढ चढावा लागेल त्याच गिअरात, किंवा त्याहून एक खाली, उतरावे हा नियम योग्य आहे. परंतु इंजिन जो रोध करते तोही मागच्या दोन चाकांतूनच रस्त्यापर्यंत पोचतो. ब्रेक व इंजिन मिळून जेवढा जोर लावतील तेवढा सगळा त्या १२०० किलोंच्या पकडीतच बसला पाहिजे. त्याबाहेर एक किलोही जात नाही. इंजिनाचा फायदा एवढाच की ब्रेक तापत नाहीत, चाके एकाएकी जागच्या जागी थांबत नाहीत, आणि वेग मुळात वाढू दिला जात नाही. डिझेल वाचावे म्हणून उतारावर गिअर काढून न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे चालक आम्ही पाहिले आहेत. वेग घेतलेल्या ट्रॅक्टरला गिअर पुन्हा बसत नाही, दात घासल्याचा आवाज तेवढा ऐकू येतो.

थांबलेले चाक का घसरते व ट्रॅक्टर आडवा का होतो, हेही सांगितले पाहिजे. फिरते चाक पुढेमागे जशी पकड ठेवते तशी आडवीही ठेवते. एकदा ते फिरावयाचे थांबून घसरू लागले की आडवी पकड जवळजवळ नाहीशी होते. मग मागून ढकलणारा ट्रेलर ट्रॅक्टरला वाटेल त्या बाजूस फिरवितो. अशा वेळी ब्रेक किंचित सोडून चाक फिरते करणे हाच उपाय. मनास हे उलटे वाटते, आणि म्हणून रिकाम्या ट्रेलरवर, मोकळ्या जागी, याचा सराव करून ठेवावा. त्याबरोबर हेही पाहावे की ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक-पेडल रस्त्यावर निघण्यापूर्वी कडीने एकमेकांस जोडलेले आहेत. शेतात वळणे घेण्याकरिता ते मोकळे करतात व तसेच विसरतात. मोकळे पेडल एकच दाबले गेले तर एकच चाक धरते, आणि भरल्या गाड्यास तेवढे पुरे होते.

आता थांबावयाच्या अंतराचा हिशोब. पकडीतून उताराची शिल्लक ढकल वजा करावी. सपाट रस्त्यावर ढकल नसते, म्हणून तेथे पकडीत चाकांचा रोध मिळवावा. जो आकडा येईल त्यास एकूण वजनाने भागावे. येईल तो अपूर्णांक २५४ ने गुणावा. ताशी किलोमीटरांतील वेगाचा वर्ग करून त्यास या गुणाकाराने भागले की मीटर येतात. सपाट, कोरड्या रस्त्यावर आमचा तो २७ टनांचा गाडा ताशी २० च्या वेगाने चालला असता सुमारे २४ मीटरांत थांबेल; १० च्या वेगाने ६ मीटरांत. २० फुटांस १ असा उतार घेतला तर २० च्या वेगास सुमारे ११० मीटर लागतात व १० च्या वेगास २७. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होते, हे या आकड्यांत उघड दिसते. यांत चालकाच्या डोळ्याने पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरलेला नाही. तेवढ्यात २० च्या वेगाने साडेपाच मीटर निघून जातात. एकच ट्रेलर व १० टन ऊस असेल तर एकूण वजन १४,८०० किलो; आमच्या खिंडीच्या उतारावर कोरड्या रस्त्यात तो २० च्या वेगाने ४६ मीटरांत, १० च्या वेगाने साडेअकरा मीटरांत थांबतो. दव असेल तर तोही थांबत नाही. ज्यांस आमचे गणित पटत नसेल त्यांनी स्वतःच्या ट्रेलरचे व स्वतःच्या उताराचे आकडे घालून पाहावे. आमचे आकडे मुद्दाम मोकळे धरले आहेत. टायर गुळगुळीत झालेला असेल तर यांहून वाईट उत्तर येईल.

चढाकडे पाहून उताराची परीक्षा करण्याची एक युक्ती येथे नोंदवितो. जो चढ भरला गाडा एका ट्रॅक्टरने चढत नाही, पुढे दुसरा ट्रॅक्टर जोडावा लागतो, तोच उतार एका ट्रॅक्टरच्या भरवशावर उतरू नये. चढावर असमर्थता लगेच दिसते. चाक जागी फिरते, फार तर पुढची चाके उचलली जातात, आणि माणूस थांबतो. उतारावर तसे कोणी थांबवीत नाही. पुढची चाके उचलली जाऊ नयेत म्हणून बंपरवर दगडांची पोती टाकून, नुसत्या डाव्या-उजव्या ब्रेकवर ट्रॅक्टर वळवीत जाणारे शूर आपल्याकडे आहेत व पोरे त्यांची वाहवा करतात. ट्रेलर ज्या ठिकाणी जोडला आहे ते ठिकाण मागच्या आसाच्या वर गेले तर ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि तो उलटावयास पापणी लवण्याइतकाच वेळ लागतो. पिन खालच्या पट्टीतच घालावी. पिनेला क्लिप व जोडीला साखळी असावी.

उतारावरील भाराची ही ओळख आम्हांस पूर्वी एकदा होऊन गेली होती, पण ती आम्ही अंगास लावून घेतली नव्हती. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरच्या खेपांची नोंद घेण्याचे काम आमच्याकडे होते व खात्रीसाठी कधी कधी चालकाशेजारी बसून जावे लागे. एकदा एका वाडीत अर्धे पाणी उतरवून दुसऱ्या वाडीकडे निघालो. वळणावर चालकाने गाडी जवळजवळ थांबविली, मग हळूच वळविली, तरी गाडी थांबल्यावर मागून एक मोठा धक्का बसला. आम्ही विचारले, मागे कोणी धडकले की काय? तो हसला. म्हणाला, "पाणी आलं भाऊसाहेब. गाडी थांबली, पण पाण्याला अजून कळलं नव्हतं." भरलेल्या टाकीत पाण्यास हलावयास जागा नसते; अर्ध्या टाकीत पाच-सहा टन पाणी पुढेमागे व डावीउजवीकडे लोटते, आणि टाकीत आडव्या भिंती नसतील तर गाडी उलटविण्याइतका जोर धरते. फवारणीकरिता किंवा फळबागेस पाणी देण्याकरिता ट्रॅक्टरमागे टाकी जोडणाऱ्या बंधूंनी हे ध्यानात ठेवावे. टाकी एक तर पूर्ण भरावी, नाही तर अगदी सावकाश चालवावी.

गहू-सोयाबीन काढावयास येणाऱ्या मोठ्या कापणी यंत्राविषयीही थोडे लिहितो. हे यंत्र मागच्या चाकांनी वळते. मोटारीची सवय असलेल्यास वाटते की तोंड गेले की धड आपसूक मागून जाईल. येथे तोंड डावीकडे वळले की शेपटी उजवीकडे झोकावते. आमच्या आळीतील एका घराच्या ओट्याचा कोपरा असाच गेला. गावातून जाताना पुढचा कापणीचा पाटा सोडवून वेगळ्या गाडीवर न्यावा व वळणावर मागे एक माणूस उभा करावा. याहून अधिक त्याविषयी आमचा अनुभव नाही.

जोड-ट्रेलरचे वळणही बैलगाडीहून निराळे आहे. प्रत्येक मागचा ट्रेलर पुढच्यापेक्षा आतल्या बाजूस कापत जातो. आम्ही रिकाम्या वावरात चुन्याच्या रेघा मारून पाहिले, तेव्हा काटकोनाच्या वळणावर दुसऱ्या ट्रेलरचे मागचे आतले चाक ट्रॅक्टरच्या चाकापेक्षा सव्वातीन फूट आत आले. म्हणजे ट्रॅक्टर मोरीवरून नीट जातो आणि ट्रेलर ओढ्यात. वळणाच्या आतल्या बाजूने सायकलवाला किंवा शाळेचे पोर चालत असेल तर त्यास ट्रॅक्टर गेल्यावर धोका टळला असे वाटते, व तेथेच घात होतो. शिवाय टर्नटेबलचे दोन ट्रेलर जोडून मागे घेता येत नाहीत. अरुंद रस्त्यात समोरून गाडी आली तर मागे सरकण्याचा मार्गच नसतो. पिना काढून एकेक ट्रेलर न्यावा लागतो.

रात्रीच्या उजेडाविषयी लिहिताना आम्हांस त्या गाडीमागची चकती आठवते. ट्रेलरच्या मागे लावलेला लाल दिवा व चमकती पट्टी बाहेर लोंबणाऱ्या उसाच्या शेंड्यांनी झाकून जाते. पट्टी उसाच्या बाहेर, लोंबत्या फळीवर किंवा पोत्यावर शिवून बांधावी. चाक फुटून गाडी रस्त्यात उभी राहिली तर चाकांस लावलेले दगड निघताना उचलून बाजूस टाकावे. आम्ही एका रात्री मोजले. कारखान्यापर्यंतच्या आमच्या वाटेत असे सात दगड रस्त्याच्या मधोमध पडलेले होते, आणि ते ठेवणारे सारे आपल्यासारखेच शेतकरी होते.

कायद्याचे म्हणावे तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११३ प्रमाणे नोंदणीपत्रात दिलेल्या वजनापेक्षा अधिक भार लादून वाहन किंवा ट्रेलर चालविता येत नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून कलम १९४ खाली दंड २०,००० रुपये व जादा प्रत्येक टनास २,००० रुपये असा आहे. हे आम्हांस नोकरीपासून ठाऊक होते. ठाऊक असून आम्ही थर चढविले. वाहतुकीचा पैसा टनावर मिळतो, खेपेवर नाही. तोवर गाडीवानास व मालकास थर चढविण्याचा मोह राहणारच. यावर आपल्या सोसायटीने कारखान्यांशी बोलावे, अशी सूचना आम्ही वार्षिक सभेपुढे लेखी दिली आहे. खिंडीच्या वाटेने येणाऱ्या गाड्यांस एका ट्रेलरच्या खेपेकरिता दरात थोडी वाढ मिळावी, एवढीच ती सूचना आहे. ट्रेलरांस हवेचे ब्रेक बसविता येतात, आणि ते बसविले म्हणजे वरच्या हिशोबात दोन चाकांऐवजी दहा चाकांची पकड धरावयास मिळते. आमच्या मते खरा उपाय तोच. एका ट्रेलरला आम्ही ते बसवून घेतले आहेत. दुसऱ्याचा खर्च पुढील बिलावर ठेवला आहे.

तोपर्यंतची आमची व्यवस्था अशी आहे. खिंडीच्या माथ्यावर एका शेतकरी बंधूची पडीक जागा आहे. तेथे एक ट्रेलर सोडतो, ब्रेक असलेला ट्रेलर सूर्य वर येऊन दव उडाल्यावर लो पहिल्या गिअरात खाली नेतो व तळाच्या वडाखाली उभा करतो. दुसऱ्या ट्रेलरवर सात टनांहून अधिक भरत नाही. ट्रॅक्टर परत नेऊन त्यास तसाच खाली आणतो, आणि मग दोन्ही जोडून सपाटीने पुढे जातो. यात पाऊण तास जातो, डिझेल जाते, आणि नंबर मागे पडतो म्हणून आमचा चालक रोज कुरकुरतो. तो पडीचा मालक भाडे घेत नाही, संक्रांतीस तेवढी गुळाची ढेप नेऊन देतो.

ते बीडचे जोडपे मागील हंगामात पुन्हा आमच्याच बाजूस आले होते. बैल दोन्ही नवे होते. मूल आता चालू लागले आहे. बाई गाडीवर बसत नाही. उतार आला की मुलास कडेवर घेऊन रस्त्याच्या डाव्या कडेने पायी उतरते, आणि मागून ट्रॅक्टरचा आवाज आला की थांबून मागे पाहते. तो मुरमाचा ढीग मात्र त्याच उन्हाळ्यात रस्त्यावर पसरून टाकण्यात आला. त्या जागी आता काही नाही.